आईच्या पाठीची साक्ष

निम्मे बटाटे कुस्करून झाले होते आणि निम्मे अजून पातेल्यात सालांसकट वाफा सोडत होते, तेवढ्यात खिडकीत ठेवलेला फोन थरथरला. जस्टीनाने हात टॉवेलला पुसले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचायला लागली. दुसऱ्या दिवशी ईस्टरआधीच्या उपासकाळातला शुक्रवार. चर्चच्या तळघरात बायका जमून पिरोही करणार, म्हणजे बटाट्याचं सारण भरून, कडा चिमटून उकळत्या पाण्यात सोडायच्या करंज्याच म्हणा ना, आणि सारण नेहमीप्रमाणे इर्मा कोलेसारच्या घरून जाणार. इर्मा म्हणजे जस्टीनाची आई. ती शेगडीपाशी कांदा परतत उभी होती. तिने मान वळवली नाही.

“कुणाचं गं?”

“लॉ कॉलेजचं. टेकडीवरच्या.”

“नाही म्हणाले?”

“अजून म्हणाले नाहीत.”

“मग बटाटे आधी. गार झाले की गुठळ्या राहतात, आणि ऑल्गा चार जणींत बोलून दाखवते.”

बाकीच्या सगळ्यांनी नाही म्हणून झालं होतं. उपासकाळ लागल्यापासून एकेक नकार येत होता, जणू तोही उपासाचाच भाग. हे एकच कॉलेज उरलं होतं, आणि खरं म्हणजे हेच एक हवं होतं. खोऱ्यातून गाडीने तासाभरात टेकडीवर पोचता येतं, संध्याकाळी परत घरी येता येतं. बाकीचे अर्ज तिने कचेरीतल्या ड्रेनन साहेबांच्या आग्रहापायी भरले होते. ते मंजूर झाले असते तरी ती गेली असती का, हे तिचं तिलाच ठाऊक. आईला रात्री एकटं ठेवायचं नाही, हा तिचा दहा वर्षांचा नेम होता.

जस्टीना एकोणतीस वर्षांची. तिचे आजोबा इथल्या जोड्यांच्या कारखान्यात तळवे शिवायचे. कारखाना गेला, चर्चचे सोनेरी घुमट तेवढे राहिले. ती ड्रेनन वकिलांच्या कचेरीत पुढच्या टेबलाशी बसते, फोन घेते, लोकांची मृत्युपत्रं टाइप करते. एकदा ड्रेनन साहेबांनी गंमत म्हणून लॉ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचे जुने प्रश्न तिच्यापुढे टाकले. दुपारच्या डब्याच्या वेळात तिने ते सोडवले. साहेबांनी उत्तरं ताडून पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. “पोरी, तू परीक्षा दिली नाहीस तर मला पाप लागेल,” म्हणाले. तिने परीक्षा दिली. शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या पुढे आली. साहेबांनी कोर्टातल्या शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना सांगितलं, आणि दोन दिवस ती जिन्याने चढली तरी लोक बाजूला होऊन वाट देत होते.

पण तागडीला दोन पारडी असतात. एका पारड्यात परीक्षा, दुसऱ्यात कॉलेजचे सगळे गुण. आणि ते दुसरं पारडं पाहिलं की वर उचललेली माणसाची मान आपोआप खाली येत असे.

ती एकोणीस वर्षांची होती, दूरच्या सरकारी विद्यापीठात शिकत होती, त्या शरद ऋतूत बाप ट्रक घेऊन टेक्ससला कामाला म्हणून गेला तो गेलाच. डिसेंबरातल्या संत निकोलसच्या सणापर्यंत इर्मा कशीबशी उभी होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी ती अंथरुणात शिरली आणि उठली नाही. खाणं नाही, अंघोळ नाही, प्रार्थनेला ओठ हलत नाहीत. जस्टीना सुट्टीला घरी आली होती. एका सकाळी तिने जे पाहिलं ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर इर्माला शेजारच्या शहरातल्या इस्पितळात ठेवलं, ज्या मजल्याची दारं आतून उघडत नाहीत त्या मजल्यावर. तिथे आत जाण्यापूर्वी इर्माने पर्समधून देवमातेचं छोटं चित्र काढलं, लेकीचा हात त्यावर ठेवला आणि शपथ घेववली. कुणाला सांगायचं नाही. कागदावर तर नाहीच नाही.

चर्चमध्ये सांगितलं की पाठीचा मणका सरकलाय. लगेच दारात कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळलेल्या होलुपकींची पातेली येऊ लागली. माणसं किती चांगली! पाठ शेकायला कुणी मिठाची पुरचुंडी दिली, कुणी आजीच्या वेळचं मलम. जस्टीना दार अर्धंच उघडून ते सगळं घ्यायची आणि “देव तुमचं भलं करो” म्हणायची.

विद्यापीठाला तिने काहीच कळवलं नाही. आमच्या खोऱ्यात तशी रीतच नव्हती. कारखान्यात सुद्धा माणूस आजारी पडला की शेजारच्या यंत्रावरच्याला निरोप द्यायचा, तो मुकादमाला सांगायचा, झालं. कचेरीत जाऊन अर्ज कोण देतं? सुट्टी संपल्यावर ती एकदाच तिकडे गेली, खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं, बॅग उचलली, परतीची बस धरली. तिचं नाव तिकडे हजेरीपटावर तसंच राहिलं. दोन सत्रं. वरपासून खालपर्यंत नापास, नापास, नापास.

पुढे आई उठली. जस्टीनाने गावातल्या कॉलेजात शिक्षण पुरं केलं, तेच विषय पुन्हा घेतले, पहिल्या श्रेणीत पास झाली. तिला वाटलं, जुनं धुतलं गेलं. पण लॉ कॉलेजांसाठी सगळ्यांचे गुण जी मध्यवर्ती कचेरी गोळा करते, तिथे पहिल्यांदा मिळालेलाही गुण धरतात आणि दुसऱ्यांदा मिळालेलाही. पापनिवेदनाला बसलं की देव पुसून टाकतो. त्या कचेरीत पुसत नाहीत.

अर्जासोबत खुलासा जोडता येतो. ड्रेनन साहेबांनी बजावलं होतं, “का नापास झालीस ते सविस्तर लिही. त्यांना कारण हवं असतं.” जस्टीना सात वर्षांची असल्यापासून फादर व्हॅसिलने शिकवलं होतं की, पापनिवेदनात आपलं पाप सांगायचं, शेजाऱ्याचं नाही, आईबापाचं नाही, आणि कारणं तर अजिबात नाहीत; सबब म्हणजे शेपूट लावलेलं खोटं. तिने तीन ओळी लिहिल्या. त्या दोन सत्रांत मी वर्गात गेले नाही. कुणाला कळवलंही नाही. चूक माझी आहे.

साहेबांनी ते पाठवून झाल्यावर पाहिलं. डोक्याला हात लावला.

आणि आता टेकडीवरून हा ईमेल. समितीला तुमच्या अर्जात मनापासून रस आहे. त्या दोन सत्रांविषयी आणखी काही सांगायचं असल्यास पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवावं. गरज वाटल्यास कुणाचा दाखलाही जोडावा.

“काय म्हणतायत एवढं?” इर्माने शेगडी बारीक केली.

जस्टीनाने वाचून दाखवलं. लपवून उपयोग नव्हता. आईला कुठलाही कागद मोठ्याने वाचून घ्यायची सवय होती. कांद्याचा वास घरभर भरला होता. इर्माने लाकडी चमचा कढईच्या कडेला ठोकला आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

“अगं मग लिही की! माझी पाठ गेली होती म्हणून घरी आलीस. त्यात काय एवढं? खरं तेच आहे.”

जस्टीनाने आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. कुठे काही हललं का, पाहिलं. काही हललं नाही. दहा वर्षं एखादी गोष्ट रोज सांगितली की तिला हाडं फुटतात, मांस चढतं. इर्मा वाकताना आता खरोखरच कमरेला हात लावायची. कपाटातल्या, इस्पितळाने मनासाठी दिलेल्या गोळ्यांना घरात पाठीच्या गोळ्याच म्हणायचे.

“बघते,” जस्टीना म्हणाली, आणि उरलेले बटाटे कुस्करायला घेतले. ते गार झाले होते.

दुसऱ्या दिवशी तळघरात ती पोचली तेव्हा आईबरोबर बातमी तिच्या आधी पोचलेली होती. लांब टेबलाभोवती सगळ्या बायका पिठाच्या हातांनी बसलेल्या, आणि टोकाला ऑल्गा. सगळं चर्च तिला तेता म्हणतं, म्हणजे मावशी. चर्च चालवतात फादर, पण फादरना चालवते तेता ऑल्गा.

“या, वकिलीणबाई!” ती ओरडली. “आईच्या पाठीचं सांगायला लाज वाटते होय गं तुला? पाठ काय तुझ्या बापासारखी पळून गेली होती?”

टेबलाभोवती हशा उठला. इर्मासुद्धा हसली, हसताना कमरेला हात लावून.

“लाज नाही, तेता. तसं नाही ते.”

“मग कसं? अशी गुळगुळीत बोलत राहिलीस तर न्यायाधीश झोपी जाईल. आणि ती पिरोही नीट चिमट. त्याला तोंड ठेवलंयस की दार? सगळं सारण पाण्यात फिरायला जाईल.”

“हिच्या हाताला पहिल्यापासून जोर नाही,” पॉलीन म्हणाली. ती ऑल्गाची धाकटी बहीण, आणि तिचं वाक्य नेहमी दुसऱ्याच्या वाक्याला लोंबकळत येतं. “पण डोकं बापरे! कोर्टातला शिपाई सांगत होता.”

“डोकं असून काय करायचंय, तोंड उघडत नाही,” ऑल्गा म्हणाली. “मार्सेला, काढ तो कागद.”

मार्सेला निवृत्त शिक्षिका. तिने पिठाचे हात पुसून पर्समधून एक पाकीट काढलं आणि उभी राहून, वर्गात वाचावं तसं वाचलं. आम्ही खाली सह्या करणाऱ्या, या चर्चच्या सभासद, देवाला स्मरून सांगतो की त्या हिवाळ्यात इर्मा कोलेसार पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती, तिला इस्पितळात ठेवावं लागलं, आणि तिच्या मुलीने शिक्षण सोडून तिची सेवा केली. आम्ही स्वतः त्यांच्या दारात जेवण पोचवलं आहे. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

“दार अर्धंच उघडायची बिचारी,” पॉलीनने डोळे टिपले, गालाला पीठ लागलं. “आई झोपलीय म्हणायची. मी म्हटलं, किती गुणाची पोर!”

सगळ्यांच्या सह्या होत्या. काही सह्यांवर पिठाची बोटं. सगळ्यांत खाली इर्माची सही, आणि तिच्याखाली मार्सेलाच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, स्वतः रुग्ण.

जस्टीनाच्या हातात कागद आला. त्यातल्या एकाही बाईने आयुष्यात खोटी साक्ष दिली नव्हती. ऑल्गाने तर सख्ख्या भावाविरुद्ध शेताच्या बांधावरून खरं सांगितलं होतं आणि नंतर सहा वर्षं तो बोलला नव्हता. आता त्या सगळ्या जणी एका सुरात, देवाला स्मरून, जे नव्हतं ते सांगत होत्या. त्यांचा दोष काहीच नव्हता. ज्या दाराच्या अर्ध्या फटीतून त्यांनी पाहिलं होतं, ते दार तिनेच धरलं होतं.

“आता रडू नको,” ऑल्गा म्हणाली. “पाणी उकळतंय. रडायला पुष्कळ वेळ आहे, गुड फ्रायडे यायचाय.”

सोमवारी तिने कागद ड्रेनन साहेबांपुढे ठेवला, कारण त्यांनी ईमेलचं विचारल्यावर काहीतरी ठेवणं भाग होतं. साहेबांनी वाचला आणि टेबलावर थाप मारली.

“हे आधी कुठे होतं? पोरी, हे सोनं आहे सोनं! इतक्या साक्षी तर मला खुनाच्या खटल्यात मिळाल्या नाहीत.”

“पाठ नव्हती ती.”

साहेबांचा हात टेबलावर तसाच राहिला. जस्टीना खिडकीबाहेर पाहत होती. नदीवर बर्फाचे तुकडे वाहत होते. एवढे तीन शब्द बोलल्यावर तिला वाटलं, छतावरून काहीतरी खाली पडेल. काही पडलं नाही. शेजारच्या खोलीत छपाईचं यंत्र खडखडत राहिलं.

“बरं,” साहेब म्हणाले. ते म्हातारे होते, बायको गमावलेले, आणि अर्ध्या वाक्यात सगळं कळायचं. “मग जे होतं ते लिही. समितीतली माणसं अनोळखी. हा गठ्ठा बंद होईल, कपाटात जाईल. तुझ्या आईला जन्मात कळणार नाही.”

“मी शपथ घेतलीय.”

“एकोणीस वर्षांच्या पोरीकडून घेतलेली शपथ! कोर्टात उभी राहणार नाही ती.”

“कोर्टात नाही घेतली, साहेब.”

“आणि हे?” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “हे पाठवणार नाहीस, बरोबर आहे. पाठवू नकोसच. अर्जाखाली तू सही केलीयस की यातलं सगळं खरं आहे. वकिली खोट्यावर उभी करायची नाही.” ते थांबले. मग त्यांना राग आला, जो तिच्यावर नव्हता आणि तिच्यावरच निघाला. “पण मग काय करणार? खरं सांगता येत नाही, खोटं सांगत नाहीस. जगाच्या बाजू मांडायला निघालीस आणि स्वतःची एक मांडता येईना? तुला दुसऱ्यांनी वकील म्हणून घ्यावं तरी का?”

“तेच मीही विचार करतेय,” ती म्हणाली.

साहेबांनी तोंड फिरवलं. खिडकीकडे बघतच म्हणाले, “माफ कर. म्हातारा झालोय.”

त्या आठवड्यात तिने आईला सांगून पाहायचं ठरवलं होतं. शपथ जिने घातली तीच सोडवू शकते, हा धर्मातलाही न्याय आहे. बुधवारच्या प्रार्थनेनंतर गाडीत बसल्यावर तिने सुरुवात केली.

“आई, त्या हिवाळ्यात, इस्पितळात…”

“किती चांगला होता तो हाडांचा डॉक्टर,” इर्मा भराभरा म्हणाली. “हात किती हलका.”

“आई, हाडांचा डॉक्टर नव्हता.”

वाटेतले सगळे दिवे लाल लागत गेले. घरी आल्यावर तिने कोट खुंटीला लावला नाही, कोटासकटच पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. ते तोंड जस्टीनाला ओळखीचं होतं. तिने चहा ठेवला, पलंगाच्या कडेला बसली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, वरून खाली, वरून खाली.

“फार दुखते का गं पाठ?” शेवटी तिने विचारलं.

इर्माने हळूहळू श्वास सोडला. “आज जरा जास्तच,” ती म्हणाली, आणि उठून बसली. चहा प्याली. कोट काढला.

मग काही ठरवायचं उरलं नाही. गुरुवारी कचेरी बंद व्हायच्या आधी जस्टीनाने टेकडीवर उत्तर पाठवलं. माझ्या आधीच्या तीन ओळींत मला भर घालता येत नाही. तुम्ही विचारलंत, याबद्दल आभारी आहे. घरी बायकांचा कागद तिने ना फाडला, ना जाळला. देवाचं नाव लिहिलेला कागद जाळायचा कसा? गाडीतल्या खणात, नकाशाखाली ठेवून दिला. रात्रीच्या प्रार्थनेत तिने काही मागितलं नाही. मागायला गेलं की जीभ अडायची. नुसतीच गुडघ्यांवर बसून राहायची, बंद दुकानापुढे माणूस उगाच थांबतो तशी.

उत्तर आलं ते ईस्टरआधीच्या शेवटच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात. आमच्याकडे झावळ्या कुठल्या, आम्ही विलोच्या झाडाच्या कळ्या धरलेल्या काटक्या आशीर्वादाला नेतो. ती परसात त्या काटक्या कापत होती. फोन वाजला, तिने वाचलं, खिशात ठेवला. खेद, मोठी स्पर्धा, पुढील वाटचालीस शुभेच्छा. उरलेल्या काटक्या तिने कापल्या, सुतळीने बांधल्या आणि स्वयंपाकघरात आली.

इर्मा टेबलाशी बसून मसूर निवडत होती. लेकीचं तोंड पाहून तिने ताट बाजूला सारलं.

“नाही म्हणाले?”

“नाही म्हणाले.”

“एवढ्या जणींच्या सह्या होत्या तरी? मार्सेलाचं अक्षर होतं तरी?” तिचा आवाज चढला. “माझ्या पाठीवर विश्वास नाही ठेवला त्यांनी?”

जस्टीनाच्या हातात काटक्यांची जुडी होती. कळ्या मऊ होत्या, मांजराच्या कानासारख्या. ज्यांनी तिला विचारलं, तिला वाट करून द्यायचा प्रयत्न केला, त्या अनोळखी माणसांचे चेहरे तिने कधी पाहिले नव्हते. ती पाहणारही नव्हती. इतके दिवस तिने एक खोटं लिहायचं टाळलं होतं, आणि ते शेवटी असं स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, आईपुढे निघालं.

“नाही ठेवला,” ती म्हणाली.

“मोठ्या लोकांना काय कळणार पाठदुखी!” इर्माने ताट पुन्हा पुढे ओढलं. खडा शोधता शोधता तिचे डोळे भरले. “माझ्यामुळे झालं गं हे. या मेल्या पाठीमुळे.”

“तुझ्यामुळे नाही.”

“साहेब काय म्हणतात?”

“पुढच्या वर्षी बघू म्हणतील.”

“मग बघू की. ऑल्गा म्हणाली होती, नाही ऐकलं तर याहून मोठा कागद लिहू, बिशपांची सही घेऊ.”

“हो.”

जस्टीनाने जुडी पाण्याच्या बरणीत ठेवली आणि कोनाड्यातल्या देवमातेच्या चित्रापुढची वात सारखी केली. तेच चित्र होतं, कडा झिजलेलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, वातीकडेच पाहिलं.

“टीना,” मागून आईचा आवाज आला, “पाठीच्या गोळ्या संपत आल्यात. उद्याची एकच आहे.”

औषधाचं दुकान सहाला बंद होतं. जस्टीनाने कोट चढवला, गाडीची किल्ली घेतली आणि आईच्या गोळ्या आणायला निघाली.